रूलबुक फुकटचं चालेल की विकत घ्यावं? आधी हे बघा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे एकत्र बसून फासे टाकत गोष्ट खेळायच्या खेळात, मी पहिल्यांदा जीएम (गेम मास्टर, गोष्ट आणि नियम चालवणारी) म्हणून बसले तेव्हा टॅबमध्ये अकरा पीडीएफ भरून ठेवल्या होत्या, त्यातल्या सात विकतच्या, एकदम जय्यत तयारी वगैरे. पहिल्या अर्ध्या तासात एका खेळाडूच्या कॅरेक्टरने, म्हणजे पात्राने, पहारेकऱ्याला चुकवायला छपरावरून खाली उडी मारली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, की किती लागलं? मी एक पीडीएफ उघडली, तिथे नव्हतं. दुसरी उघडली, ती इतकी जड की पान उलटायला पाच सेकंद घ्यायची. तोवर शेजारी बसलेल्या मुलाने फोनवर फुकटच्या रूल्समध्ये शोधून सांगितलं पण, दर दहा फुटांना एक डी6 (सहा बाजूंचा फासा), जास्तीत जास्त वीस फासे. वीस फुटांवरून उडी, दोन फासे, सात लागलं, पुढे चला. माझ्या सात विकतच्या फाइली तशाच पडून.

तेव्हापासून कोणी विचारलं की सुरुवात करायचीय, कुठलं पुस्तक घेऊ, तर मी आधी उलटा प्रश्न विचारते की तुला नक्की काय विकत घ्यायचंय, नियम की तयारी? कारण नियम आजकाल बऱ्याच गेमचे फुकट आणि रीतसर मिळतात, चोरून वगैरे नाही, कंपनीने स्वतः दिलेले. पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते तयारीला, म्हणजे तयार ॲडव्हेंचर (आधीच लिहून ठेवलेली गोष्ट), नकाशे, मॉन्स्टरचे ढीग, आणि घाईत सापडेल अशी मांडणी. हे डोक्यात एकदा बसलं की अर्धे निर्णय आपोआप होतात.

फुकट म्हणजे नक्की काय फुकट

इथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण फुकट या एका शब्दात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे एसआरडी, सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, या गेमच्या तिसऱ्या एडिशनबरोबर 2000 साली ओपन गेम लायसन्स आलं, त्याच्याबरोबर ही कल्पना आली, की नियमांचा सांगाडा मोकळा करायचा म्हणजे इतर लोक त्यावर आपली पुस्तकं काढतील. लक्षात घ्या, एसआरडी ही मुळात पुस्तक लिहिणाऱ्यांसाठी केलेली गोष्ट आहे, शिकणाऱ्यांसाठी नाही. म्हणून ती वाचायला डिक्शनरीसारखी लागते, चित्र नाही, उदाहरण नाही, हे असं का करायचं हे कोणी सांगत नाही, नुसतं कलमांमागून कलम. पाचव्या एडिशनची एसआरडी 5.1 चारशेच्या वर पानांची आहे, बारा क्लास (कॅरेक्टरचा पेशा, फायटर, विझर्ड वगैरे) आहेत, पण प्रत्येक क्लासला सबक्लास (त्यातली खास शाखा) एकच. फीट (जास्तीचं खास कसब) एकच, ग्रॅपलर. बॅकग्राउंड (कॅरेक्टर आधी काय करत होतं ते) एकच, ॲकोलाइट. म्हणजे टेबलवर पाच जण असतील तर पाचही जण देवळातले शिष्य! (बॅकग्राउंड स्वतःचं बनवायची मुभा नियमातच आहे म्हणून निभावतं, पण नवख्याला ते कुठे माहीत असतं.) बिहोल्डर आणि माइंड फ्लेयर हे मॉन्स्टर तुम्हाला त्यात मिळणार नाहीत, कारण ते कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेत. आणि स्पेलच्या (जादूच्या मंत्रांच्या) नावातून जादूगारांची नावं गाळलीत, मेल्फचा ॲसिड ॲरो इथे नुसता ॲसिड ॲरो होतो, टाशाचं हिडियस लाफ्टर नुसतं हिडियस लाफ्टर. मित्र पुस्तकातलं नाव सांगतो आणि तुम्हाला यादीत सापडत नाही, तर आधी हे तपासा, बहुतेक वेळा स्पेल तोच असतो.

दुसरी म्हणजे बेसिक रूल्स. ही मात्र खेळणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. डी अँड डीची 2014 ची बेसिक रूल्स घेतली तर त्यात क्लास चारच होते, फायटर, क्लेरिक, रोग आणि विझर्ड, पण समजावून सांगितलेलं, पहिल्यांदा खेळणाऱ्याला पुरेसं. माझं मत विचाराल तर नवीन माणसाला एसआरडी देऊ नका, बेसिक रूल्स द्या, एसआरडी शोधायला ठेवा.

तिसरी क्विकस्टार्ट. कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या गेमची क्विकस्टार्ट फुकट आहे आणि तिच्यात द हाँटिंग हे ॲडव्हेंचरही आहे, म्हणजे एक अख्खी संध्याकाळ एक पैसा न घालवता निघते. क्विकस्टार्टचा उपयोग चवीपुरता. त्यावर लांबलचक कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) चालवायला गेलात की चौथ्या-पाचव्या सेशनला भिंत लागते, कॅरेक्टर वाढवायचं कसं हेच बहुतेक ठिकाणी पूर्ण दिलेलं नसतं.

चौथी गोष्ट म्हणजे ऑनलाइन संदर्भ, आणि इथे पाथफाइंडर हा गेम खेळणाऱ्यांचा हेवा वाटतो. आर्काइव्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर पाथफाइंडर सेकंड एडिशनचे जवळपास सगळे नियम, क्लास, फीट, स्पेल, मॉन्स्टर, फुकट आणि कंपनीच्या परवानगीने ठेवलेले आहेत. सांगाडा नाही, अख्खं. मग पुस्तक कोण विकत घेतं? घेतात की लोक. कारण तिथे हजारो फीट एका यादीत समोर येतात आणि नवख्या माणसाला त्यातून आपला फायटर उभा करणं म्हणजे समुद्रातून घागर भरून आण, पण नेमकी गोड्या पाण्याची. पुस्तक तुम्हाला क्रमाने नेतं. शोधायला वेबसाइट, शिकायला पुस्तक, इतका सोपा हिशोब आहे.

आणि पाचवी, जिच्याबद्दल लोकांना कमी माहिती असते, ती म्हणजे मुळातच पूर्ण फुकट असलेले गेम. बेसिक फँटसीची पीडीएफ फुकट, छापील प्रत जवळपास छपाईच्या खर्चात, आणि वर एडिट करता येतील अशा फाइलीसुद्धा देतात, म्हणजे तुमच्या टेबलचे घरगुती नियम थेट पुस्तकात घुसवा आणि प्रिंट काढा. आयर्नस्वॉर्न 2018 चा, अडीचशेच्या वर पानांचं देखणं पुस्तक, फुकट, आणि तो एकट्यानेही खेळता येतो, म्हणजे ग्रुप जमत नाही ही सबब पण गेली. केर्न ही पातळशी पुस्तिका आहे, मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा, दहा मिनिटांत कॅरेक्टर तयार. आणि लेझर्स अँड फीलिंग्ज तर एका पानाचा गेम! दोन ते पाचमधला एक आकडा निवडायचा, डोकं-यंत्र-विज्ञानाचं काम असेल तर फासा त्या आकड्याच्या खाली यायला हवा, भावना-बोलणं-धडाडीचं असेल तर वर. बस, संपले नियम. मी ज्यांना ज्यांना हा प्रकार काय असतो ते कळत नाही त्यांना आधी हाच खेळायला लावते.

अजून एक मॉडेल मला फार आवडतं, स्टार्स विदाउट नंबर आणि वर्ल्ड्स विदाउट नंबर यांचं. फुकटची आवृत्ती जवळपास पूर्ण आहे, त्यातले जीएमसाठीचे टेबल्स तर दुसराच कुठला गेम खेळताना पण वापरावेत असे, आणि डिलक्स आवृत्तीत जास्तीची प्रकरणं पैसे देऊन. इथे निर्णय किती सोपा आहे बघा, आधी फुकटचं पूर्ण वाचा, खेळा, आवडलं तर पैसे द्या. देणाऱ्याने पण मोकळ्या हाताने दिलेलं असतं, त्यामुळे घेताना टोचत नाही.

लायसन्सचं प्रकरण, थोडक्यात

खेळणाऱ्याला याचं काय असं वाटेल पण थांबा जरा. जानेवारी 2023 मध्ये ओपन गेम लायसन्सच्या, जुनी मोकळीक आवळणाऱ्या, नव्या मसुद्याची बातमी फुटली आणि जो गोंधळ उडाला त्यात कितीतरी छोट्या प्रकाशकांना वाटलं की आपलं दुकान बंद. शेवटी 27 जानेवारीला एसआरडी 5.1 क्रिएटिव्ह कॉमन्सखाली टाकली गेली, आणि ते लायसन्स परत घेता येत नाही. त्याच धक्क्याने पाथफाइंडरच्या कंपनीने ओआरसी हे नवं मोकळं लायसन्स आणलं, बेसिक फँटसीने चौथी एडिशन काढून जुन्या लायसन्समधून अंग काढून घेतलं. यातून आपल्यापुरता घेण्यासारखा मुद्दा असा की फुकट मिळतंय यापेक्षा कुठल्या अटीवर फुकट मिळतंय ते बघा. क्रिएटिव्ह कॉमन्स लिहिलेलं असेल तर उद्या साइट बंद झाली तरी तुमच्याकडची प्रत तुम्ही ग्रुपमध्ये वाटू शकता, नाव देऊन. नुसतं फ्री डाउनलोड असेल तर ते उद्या नसूही शकतं, आज उतरवून ठेवा, आणि पुढे वाटण्याआधी अटी वाचा.

पैसे नक्की कशाचे देतोय

आता विकतचं. माझ्या अनुभवात विकतच्या रूलबुकमध्ये तीन गोष्टींना किंमत आहे.

एक, समजावून सांगणं. नियम दोन ओळींचा असतो, पण तो टेबलवर कसा दिसतो याचं उदाहरण अर्ध्या पानाचं असतं, आणि ते अर्धं पान फुकटच्या सांगाड्यातून सगळ्यात आधी गाळलं जातं. तुमच्या ग्रुपमध्ये आधी खेळलेलं कोणीच नसेल तर त्या अर्ध्या पानाचे पैसे द्या, डोळे झाकून द्या. एखादा जुना खेळाडू असेल तर तोच तुमचं चालतंबोलतं अर्धं पान आहे, पैसे वाचवा.

दोन, मांडणी. हे नवख्याला पटत नाही, पण सहा महिने जीएमगिरी केलेल्याला विचारा. चांगल्या पुस्तकात एका विषयाचं सगळं समोरासमोरच्या दोन पानांत असतं, ओल्ड स्कूल इसेन्शियल्स याच गोष्टीसाठी नावाजलेलं आहे, क्लास उघडला की त्या क्लासचं सगळं डोळ्यांसमोर. नियम तेच जुने आहेत बरं का, बेसिक नियम त्यांनी स्वतःच फुकट पण ठेवलेत, लोक पैसे देतात ते मांडणीचे. आणि ते योग्यच आहे, कारण लढाई रंगात आली असताना पान शोधण्यात गेलेली दोन मिनिटं टेबलचा सगळा जीव काढून घेतात, एकदा फोन हातात आले की परत खाली जात नाहीत.

तीन, तयार ॲडव्हेंचर. नोकरी, घर, बाकीची धावपळ सांभाळून दर आठवड्याला तीन तासांचा मजकूर पाडणं प्रत्येकाला जमत नाही. मला तर नाहीच जमत. माझं विकतच्या खरेदीचं बजेट आता जवळपास सगळं इथे जातं, आणि कोअर रूलबुकपेक्षा ॲडव्हेंचरच्या पीडीएफ सहसा बऱ्याच स्वस्त पण असतात.

ज्याचे पैसे देऊ नयेत ते पण सांगते. तुम्ही फक्त प्लेयर असाल आणि अजून एकही सेशन झालं नसेल तर काहीही विकत घेऊ नका. खरंच. जीएमला विचारा, तुझ्याकडे काय आहे. लेव्हल एकचा फायटर चालवायला फुकटचे नियम आणि फासे पुरतात, तिसऱ्या लेव्हलला सबक्लास निवडायची वेळ येईल तेव्हा बघू. कितीतरी जण दोन सेशन खेळून सोडून देतात आणि मग तीनशे पानांचं पुस्तक राहतं ड्राइव्हमध्ये, जिममध्ये वर्षाची फी भरून आल्यासारखं.

फाइल मिळतेय की फक्त बघायची परवानगी

हा भाग नीट वाचा, कारण मी इथे फसलेय. एक पुस्तक मी एका ॲपमध्ये विकत घेतलं, पूर्ण किंमत देऊन, आणि घाईत हे बघितलंच नाही की त्याची पीडीएफ मिळतच नाही, ते फक्त त्याच अकाउंटमध्ये लॉगिन करून वाचायचं. खेळायला जिथे जमलो तिथे नेटवर्क नव्हतं. ऑफलाइन डाउनलोड होतं म्हणे, पण ते आधी करून ठेवायला हवं होतं, आणि मी अर्थातच केलं नव्हतं. चार जण फासे हातात घेऊन बसलेत आणि मी खिडकीतून फोन बाहेर काढून उभी! शेवटी आठवेल तसं चालवलं. मजा आली ती गोष्ट वेगळी.

तर डिजिटल पुस्तक म्हणजे ढोबळमानाने तीन प्रकार. पीडीएफ, जी तुमच्याकडे उतरते. अकाउंटमधलं पुस्तक, डी अँड डी बियाँडवर असतं तसं, जे शोधायला आणि कॅरेक्टर बनवायला अप्रतिम आहे, क्लिक केलं की स्पेल शीटवर, पण पीडीएफ मिळत नाही. आणि व्हीटीटीचं मोड्यूल, म्हणजे रोल ट्वेंटी किंवा फाउंड्रीसारख्या ऑनलाइन टेबलवर चालणारं, ज्यात नकाशे, टोकन, मॉन्स्टर लावून तयार मिळतात, पण एका व्हीटीटीसाठी घेतलेलं सहसा दुसरीकडे चालत नाही. ऑनलाइनच खेळणार असाल तर मोड्यूल घ्या, तयारीचे कितीतरी तास वाचतात. फाउंड्रीवर पाथफाइंडर सेकंड एडिशनचे नियम तर फुकटच्या सिस्टिममध्येच भरलेले येतात, तिथे रूलबुकचं मोड्यूल शोधत बसण्यापेक्षा ॲडव्हेंचर घ्या. समोरासमोर बसून खेळणार असाल तर पीडीएफ, दुसरा विचार नको.

पीडीएफ घेतली म्हणजे पण निर्धास्त राहू नका. 2009 मध्ये डी अँड डीच्या सगळ्या अधिकृत पीडीएफ विक्रीतून एका झटक्यात काढून घेतल्या होत्या, ज्यांनी आधी घेऊन ठेवल्या होत्या त्यांचंही पुन्हा डाउनलोड करणं बंद झालं, आणि जुन्या पुस्तकांची विक्री परत सुरू व्हायला 2013 उजाडलं. म्हणून विकत घेतलं की त्याच दिवशी उतरवा, दोन ठिकाणी ठेवा, फाइलच्या नावात एडिशन आणि वर्ष टाका. नंतर नावं बघून काही कळत नाही, माझ्याकडे फायनल, फायनल-2 आणि कोअर-नवीन अशा तीन फाइली आहेत आणि तिन्ही एकच पुस्तक आहे.

ड्राइव्हथ्रूआरपीजीसारख्या ठिकाणच्या पीडीएफवर बऱ्याचदा तुमच्या नावाचा वॉटरमार्क असतो, बारीक अक्षरात पानाच्या तळाशी. त्याने वाचण्यात काही फरक पडत नाही, पण ती फाइल मोकाट ग्रुपवर टाकू नका. तिथलाच एक मोठा फायदा म्हणजे प्रकाशकाने चुका दुरुस्त करून नवी फाइल चढवली की तुम्हाला ती परत उतरवता येते, वेगळे पैसे न देता. छापील पुस्तकात हे सुख नाही. आणि छापीलच घेणार असाल तर बरेच प्रकाशक बिट्स अँड मॉर्टर नावाच्या उपक्रमात आहेत, त्यातल्या दुकानातून पुस्तक घेतलं की पीडीएफ फुकट मिळते, विचारायला विसरू नका, दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही.

विकत घेण्याआधीची पाच मिनिटं

बहुतेक ठिकाणी प्रिव्ह्यू असतो. लोक त्यातलं चित्र बघतात आणि भुलतात. तुम्ही काय करायचं, तो प्रिव्ह्यू ज्या यंत्रावर खेळताना वाचणार त्यावरच उघडायचा. फोनवर वाचणार असाल तर फोनवर. दोन कॉलमचं मोठं पान फोनवर कसं दिसतं, अक्षर मोठं करून डावा कॉलम खालपर्यंत, मग परत वर, मग उजवा, असं करत एक पान वाचून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतेय. छोट्या पानाची, एका कॉलमची पुस्तकं फोनवर चांगली चालतात.

मग एक शब्द शोधून बघा. फॉल किंवा ग्रॅपल टाका. शोध लागतो का? चित्रासारखं स्कॅन असेल तर शोध लागतच नाही. जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमध्ये अक्षरं ओळखताना गडबड झालेली असते, शब्द डोळ्याला दिसतो पण शोधला की नाही म्हणतं. बाजूला बुकमार्कची यादी आहे का बघा. अनुक्रमणिकेतल्या ओळीवर टिचकी मारून पान उघडतं का बघा. आणि प्रिंट काढायचा विचार असेल तर मागे तो जुनाट कागदाचा तपकिरी रंग भरलेला आहे का, कारण शाई संपवायचा त्याच्याइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही. काही प्रकाशक साधी पांढरी आवृत्ती पण सोबत देतात, तसं असेल तर वर्णनात लिहिलेलं असतं. ग्रुपमध्ये कोणी स्क्रीन रीडर वापरत असेल तर पीडीएफ टॅग केलेली आहे का ते आधी विचारून घ्या, नसेल तर अशा वेळी फुकटची वेबसाइट विकतच्या देखण्या पुस्तकापेक्षा कितीतरी बरी पडते.

एडिशनची भेळ

सगळ्यात वैताग आणणारी चूक पैशाची नसतेच, एडिशनची असते. आमच्या टेबलवर घडलेलं सांगते. क्लेरिक दोन होते. एकाने क्युअर वूंड्स (जखमा भरायचा स्पेल) टाकला आणि एक डी8 उचलला. दुसऱ्याने पुढच्या फेरीत तोच स्पेल, त्याच लेव्हलवर टाकला आणि दोन डी8 उचलले. झालं, पंधरा मिनिटं वाद, तू चीटिंग करतोस इथपर्यंत. दोघंही बरोबर होते! एकाकडे 2014 चे नियम, दुसऱ्याकडे 2024 चे, 2024 मध्ये तो स्पेल दोन फाशांचा झालाय. फुकटच्यातही हेच आहे, एसआरडी 5.1 ही 2014 ची आणि 2025 मध्ये आलेली 5.2 ही 2024 ची. नाव दोन्हीकडे डी अँड डीच. पाथफाइंडरमध्ये पण 2023 च्या रीमास्टर या सुधारित आवृत्तीनंतर मॅजिक मिसाइल या स्पेलचं नाव फोर्स बराज झालंय, जुनी पीडीएफ घेऊन बसलेला माणूस आपलं जुन्या नावाने शोधत राहतो.

म्हणून पहिल्या सेशनच्या आधी ग्रुपवर एक मेसेज टाका, आपण अमुक वर्षाचे नियम वापरतोय, ही लिंक, यापलीकडचं काही वापरायचं असेल तर आधी जीएमला दाखवा. एवढं केलं तरी खूप झालं. आणि स्वस्तात मिळतंय म्हणून जुन्या एडिशनचं पुस्तक घेणाऱ्यांनो, तुमचा ग्रुप काय खेळतोय ते विचारल्याशिवाय घेऊ नका. जुनी एडिशन वाईट नसते, टेबलवर एकट्याकडे असणं वाईट.

बंडल, हवे ते द्या, आणि चोरीचं

बंडलच्या नादाला मी दोनदा लागलेय. थोडक्या पैशात तीस-चाळीस पीडीएफ असं दिसलं की हात शिवशिवतात. चाळीसपैकी दोन वाचल्या. त्या दोन वेगळ्या घेतल्या असत्या तर बंडलच्या निम्म्यात आल्या असत्या, हा हिशोब मी घरी कोणाला सांगितलेला नाही. बंडल घ्याच, पण त्यात तुम्ही एरवी पूर्ण किमतीला घेतली असतीत अशी एक तरी गोष्ट असेल तरच.

हवे तेवढे द्या असं लिहिलेलं असतं तिथे शून्य टाकायला लाजू नका. फेट कोअरची पीडीएफ अशीच आहे, इच डॉट आयओवर तर अशा गेमचा खजिना आहे. आधी शून्य टाकून उतरवा, वाचा, खेळा, आणि टेबलवर आला गेम तर परत जाऊन पैसे द्या. मी हे करते, म्हणजे निदान आठवतं तेव्हा करते. ज्याने एकट्याने बसून लिहिलंय त्याला ते कळतं आणि पुढचं काहीतरी निघतं.

चोरीच्या पीडीएफचं काय, हे प्रत्येक ग्रुपमध्ये हळू आवाजात कोणीतरी विचारतंच. नीती बाजूला ठेवा, नुसता व्यवहार बघा. ती बहुतेक वेळा स्कॅन असते, बुकमार्क नाही, शोध नाही, पहिल्या छपाईतली, म्हणजे नंतर दुरुस्त झालेल्या सगळ्या चुकांसकट. रीतसर फुकट इतकं चांगलं मिळत असताना त्या वाकड्या पानांशी कोण झगडणार. आणि या धंद्यातले बरेच प्रकाशक म्हणजे दोन-तीन माणसं असतात, त्यांच्या पोटावर पाय नको.

मग सुरुवात कुठून

ग्रुप ठरला असेल आणि गेम ठरला असेल तर त्या गेमचं फुकटात काय मिळतं ते सगळ्यात आधी उतरवा आणि तीन सेशन त्यावर काढा. गेमच ठरला नसेल तर एका पानाचा किंवा केर्नसारखा छोटा घ्या, एक संध्याकाळ घालवा, मग ठरवा. जीएमने पहिलं काही विकत घ्यायचंच असेल तर ॲडव्हेंचर घ्यावं. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी लोक आधी मॉन्स्टरचं पुस्तकच घेतात, घ्या बापडे, ड्रॅगन बघून कोणाला मोह होत नाही.

आणि त्या तीन सेशनमध्ये एक कागद जवळ ठेवा. खेळताना जे शोधलं आणि सापडलं नाही ते त्यावर लिहा, बाकी काही नको. माझ्या कागदावर तिसऱ्या सेशननंतर चार ओळी होत्या. पाण्याखाली लढताना काय होतं. घोड्यावरून उतरायला किती मूव्ह जाते. जादूची वस्तू ओळखायची कशी. आणि चौथी ओळ, गावात गेल्यावर माझ्याकडे लोकांची नावंच नाहीत, तीन सेशनमध्ये तीन खानावळवाले आणि तिघांचं नाव बॉब. पहिल्या तिन्हीची उत्तरं फुकटच्या एसआरडीतच निघाली, मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. चौथ्यासाठी नावांच्या टेबल्सचं एक छोटं पुस्तक घेतलं, विकत. बॉब मात्र अजून आहे, प्लेयर्स त्याला सोडायला तयार नाहीत.